304 सांगून 200 मालिकेचा पत्रा : कोल्हापुरातील एका फॅब्रिकेशन कामाचा अनुभव

कागल तालुक्यात काकवी आणि गूळ पावडर तयार करण्याचा आमचा छोटा उद्योग आहे. गळीत हंगामाच्या तोंडावर काकवी साठवण्याची टाकी आणि पॅकिंगची टेबले करून घेण्यासाठी आम्ही कोल्हापुरातील एका फॅब्रिकेटरला काम दिले. त्याने स्वतः दिलेल्या कोटेशनमध्ये ‘एसएस 304, 18 गेज, आर्गॉन फुल वेल्डिंग, मॅट फिनिश’ असे स्पष्ट लिहिले होते, म्हणजे 304 ग्रेडचे स्टेनलेस स्टील, 18 गेज जाडीचा पत्रा आणि सांध्यांना आर्गॉन वायूच्या आवरणात सलग वेल्डिंग. टेबलांचा दर नगावर आणि टाकीचा दर किलोवर ठरला होता. प्रत्यक्षात आलेला पत्रा 304 नव्हता, तो 18 गेजचाही नव्हता, आणि स्टेनलेसच्या दराने आकारलेल्या वजनातला काही भाग तर साध्या लोखंडाचा होता. डेअरी, हॉटेल किंवा खाद्यप्रक्रियेसाठी असे काम करून घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

हंगाम संपल्यावर टाकी धुऊन कोरडी करून ठेवली होती. पावसाळ्यात तिच्या वेल्डच्या कडेने तांबूस ठिपके उमटले आणि महिन्याभरात ते तळापर्यंत पसरले. फॅब्रिकेटरला बोलावले, तेव्हा हे पाण्याचे डाग असून बफ मारला, म्हणजे घासून पॉलिश केले, की निघतील, असे त्याने सांगितले आणि खिशातून लोहचुंबक काढून टाकीला लावून दाखवला. चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल 304 आहे, असा त्याचा दावा होता. हा पुरावाच मुळात खोटा आहे. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेल महाग असल्यामुळे 200 मालिकेच्या पत्र्यात ते कमी करून त्याऐवजी मँगनीज आणि नायट्रोजन वापरतात, आणि त्या पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल 304 चा पत्रा बेंडिंग केलेल्या कोपऱ्यात चुंबक किंचित ओढून घेऊ शकतो. म्हणजे या परीक्षेत खोटा माल सहज उत्तीर्ण होतो आणि खऱ्या मालावर संशय येतो.

कोल्हापुरात फाउंड्री उद्योग मोठा असल्यामुळे धातूची स्पेक्ट्रो टेस्ट, म्हणजे त्यातल्या घटकांचे प्रमाण मोजणारी चाचणी, करून देणाऱ्या प्रयोगशाळा हाताशी आहेत, ही मोठी सोय आहे. टाकीच्या झाकणाचा एक तुकडा कापून आम्ही तपासणीला दिला. अहवालात निकेल जेमतेम 1 टक्का आणि मँगनीज 9 टक्क्यांच्या वर निघाले. त्यानंतर फॅब्रिकेटरकडे मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा तपासणी दाखला, मागितले असता त्याने एका कागदाची झेरॉक्स पाठवली; पण त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक, आमच्या मालाशी जुळवून पाहण्याची कोणतीही सोय त्याने ठेवली नव्हती, कारण पत्र्यावरचा छापील मजकूर बफिंगमध्ये पुसला गेला होता.

जाडीची लबाडी टेबलांत सापडली. ब्रिटिश वायर गेजनुसार 18 गेज म्हणजे 1.22 मिलिमीटर आणि 20 गेज म्हणजे 0.91 मिलिमीटर. अमेरिकी तक्त्यात स्टेनलेसचा 18 गेज 1.27 मिलिमीटर भरतो, आणि बाजारात ‘कमर्शियल 18’ या नावाखाली त्याहून बराच पातळ पत्राही खपवला जातो. टेबलाची कडा आत दुमडलेली, म्हणजे हेमिंग केलेली होती. बोटांनी चाचपले की पत्रा भरभक्कम वाटत असे, पण ती दोन पदरांची जाडी होती. पाण्याच्या निचऱ्यासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला मायक्रोमीटर लावला, तेव्हा जाडी 0.9 मिलिमीटर निघाली. पत्र्यावर संरक्षक फिल्म असेल तर ती सोलून आणि कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली उंचवट कड, नसलेल्या जागीच मोजावे, अन्यथा आकडा फुगलेला मिळतो. आठ बाय चार फुटांचा 304 चा पत्रा 1.2 मिलिमीटर जाडीला सुमारे 28 किलो भरतो आणि 0.9 मिलिमीटरला सुमारे 21 किलो. नगावर दर घेतलेल्या कामात हा फरक कोणाच्या पदरात पडतो हे उघड आहे.

किलोच्या दराने केलेल्या टाकीत जाडी मारून फायदा नसतो, म्हणून तेथे वजन फुगवले जाते. आमच्या टाकीच्या तळाखाली आधाराला स्टिफनर, म्हणजे पत्रा वाकू नये म्हणून जोडायच्या पट्ट्या, लावले होते आणि ते चंदेरी दिसत होते. खिळ्याने ओरखडा काढला, तर चंदेरी रंगाखालून रेड ऑक्साइड हा लोखंडाला लावायचा अस्तराचा रंग आणि त्याखालून लोखंड दिसले. त्या एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, पट्ट्यांचे वजन स्टेनलेसच्या दराने लावलेले होते. शिवाय पूर्ण पत्र्यांचे वजन बिलात धरले होते, पण कटिंगमध्ये उरलेले तुकडे आम्हाला परत मिळाले नाहीत, की स्क्रॅपची किंमत वजा झाली नाही. लेझर कटिंगचे पैसे बिलात स्वतंत्र लावले होते. कडा पाहिल्या तर अर्ध्या चकचकीत आणि अर्ध्या फाटल्यासारख्या खरबरीत होत्या, म्हणजे पत्रा लेझरने नव्हे, तर शिअरिंग मशीनवर, कात्रीसारख्या पात्याने कापलेला होता.

वेल्डिंगचे मला सर्वांत वाईट वाटले, कारण त्याचा संबंध थेट खाणाऱ्यांच्या आरोग्याशी येतो. फुल वेल्डिंग सांगितलेल्या सांध्यांत आतून अंतराअंतराने टाके मारून मधली जागा सीलंटने भरली होती. त्या फटीत काकवी शिरून आंबत होती. उद्यमनगरातील ज्या जुन्या कारागिराने नंतर टाकी उघडून दाखवली, त्याने एक पैसा न घेता प्रत्येक सांधा समजावून सांगितला.

फॅब्रिकेटरने अद्याप पैसे परत केलेले नाहीत. अंतिम बिलात त्याने ग्रेडचा उल्लेख टाळून केवळ ‘एसएस फॅब्रिकेशन जॉब’ लिहिले आहे. कोटेशन आणि मोबाइलवरील संदेश आमच्याकडे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला लागू होत नाही, मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यापुरती खरेदी असेल तर तो अपवाद त्याच कायद्यात आहे, आणि त्या आधारावर जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची आमची तयारी चालू आहे.

नवी टाकी दुसरीकडे करायला दिली आहे. या वेळच्या ऑर्डरमध्ये गेजऐवजी जाडी मिलिमीटरमध्ये आणि तिची मान्य तफावत लिहून घेतली, स्टिफनरचा ग्रेड स्वतंत्र नमूद केला, स्क्रॅप कोणाचे हे ठरवले, बिलावर 304 लिहिण्याची अट घातली आणि शेवटचा हप्ता स्पेक्ट्रोच्या अहवालाला जोडला. सांधे बफिंगपूर्वी पाहायला आम्ही स्वतः जाणार आहोत, कारण बफ फिरल्यावर टाके आणि पूर्ण वेल्ड यांतला फरक बाहेरून ओळखू येत नाही.