व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी : घरच्या संगणकावर काही महिने काम केल्यानंतरचा अनुभव

घरातल्या लग्नामुंजींच्या, बारशांच्या आणि गडकरी रंगायतनात झालेल्या शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या व्हीएचएस कॅसेट गेले काही महिने मी ठाण्यात घरच्या संगणकावर उतरवून घेत आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे. चित्र कसे येणार हे निम्म्याहून अधिक व्हीसीआर ठरवतो. व्हीसीआरमधले चित्र संगणकात उतरवणारे यूएसबी कॅप्चर डिव्हाइस आणि सॉफ्टवेअर यांचा क्रम त्यानंतर लागतो. बाजारात मात्र सगळी जाहिरात या डिव्हाइसचीच होते.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, त्यामुळे आता मिळेल तो व्हीसीआर जुनाच असतो आणि त्याची प्रकृती तपासूनच तो घ्यावा लागतो. आतला हेडचा (टेपवरचे चित्र वाचणाऱ्या टोकांचा) ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत असतो आणि अर्धा इंच रुंदीची टेप त्याला घासून जात असते. हेडवर जरा जरी मळ बसला तरी चित्रावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके उमटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड स्वच्छ करून घेतल्यावर चित्रात जो फरक पडला, तो कोणत्याही सॉफ्टवेअरच्या फिल्टरने पडला नसता. हे काम शक्यतो जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यावे, कारण हेडवर कापूस उभा फिरवला तर ती नाजूक टोके तुटतात.

ठाण्यातल्या पावसाळी हवेने कॅसेटचे जे नुकसान होते, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. कॅसेट उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे पाहावे. टेपच्या काळ्या चकचकीत कडेवर पिठाची चिमूट भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसला, तर ती बुरशी आहे असे समजावे. कडेची छोटी कळ दाबून पुढची झडप उचलली की टेपचा पृष्ठभागही पाहता येतो. अशी कॅसेट एकदा जरी लावली, तरी बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. म्हणून प्रत्येक कॅसेट लावण्यापूर्वी ही तपासणी करणे मी अनिवार्य मानतो. निरोगी कॅसेटसुद्धा आधी शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून राहिलेले वेढे सुटतात.

माझे कॅप्चर डिव्हाइस स्वस्तातले आहे. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची, एवढी जोडणी पुरते. त्याच्यासोबत आलेले सॉफ्टवेअर मात्र थेट डीव्हीडीच्या एमपीईजी-२ स्वरूपात चित्र साठवत होते आणि त्यात चित्राचे चौकोनी तुकडे पडत होते, म्हणून ते मी बाजूला ठेवले. त्याऐवजी मोफत मिळणारे व्हर्च्युअलडब वापरून ७२० × ५७६ या मापात हफवाययूव्ही कोडेकने (चित्र फाइलमध्ये साठवण्याच्या एका पद्धतीने) कॅप्चर करतो. त्यात चित्राची काहीही काटछाट होत नाही. तासाला साधारण ३० जीबी जागा लागते, पण हार्ड डिस्कची ही किंमत मोजण्यासारखी आहे. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्यात घाई करता येत नाही, आणि तेवढा वेळ संगणकावर दुसरे काही न करणेच बरे. संगणक दमला की फ्रेम, म्हणजे चित्रणातली एकेक चित्रे, गळतात आणि मग ओठ आधी हलतात, शब्द नंतर ऐकू येतात. गळलेल्या फ्रेमचा आकडा सॉफ्टवेअर दाखवत असते. तो वाढताना दिसला तर तिथेच थांबून पुन्हा सुरुवात करावी.

एका बाबतीत विशेष सावध राहावे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची) मिळून बनते, म्हणजे हालचालीची ५० क्षणचित्रे. डीव्हीडी बनवताना या फील्डचा क्रम उलटा लागला, तर स्थिर चित्र ठीक दिसते आणि हालचाल मात्र थरथरते. मासुंदा तलावावरच्या विसर्जन मिरवणुकीची एक कॅसेट मी याच परीक्षेसाठी वापरतो, कारण लेझीम खेळणाऱ्यांचे हात पाहिले की क्रम बरोबर आहे की नाही हे लगेच कळते. डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करू नये, म्हणजे ही फील्ड मोडून अखंड फ्रेम बनवू नयेत. मोबाइलवर पाठवायच्या प्रतीसाठी अवश्य करावे. चित्राच्या तळाशी दिसणारी वेडीवाकडी पट्टी पाहून घाबरण्याचे कारण नाही. ती कॅसेटवर पहिल्यापासून असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई. तेवढ्या भागावर काळी पट्टी टाकली की काम होते.

४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर दोन तासांहून अधिक चित्रण मी बसवत नाही. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच बारीक खरखर असते, ती साठवण्यातच एमपीईजी-२ ची बरीच ताकद खर्ची पडते, आणि जागा कमी पडली की अंधाऱ्या मांडवातले चेहरे सर्वांत आधी बिघडतात. तीन तासांच्या कॅसेटला म्हणूनच दोन डिस्क द्याव्यात. घरातल्या ज्येष्ठांना रिमोटवर चालणारी डिस्कच सोयीची वाटते, म्हणून मी ती बनवतो. जतन करण्याची प्रत मात्र मूळ कॅप्चरची फाइलच मानतो आणि ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात. त्यांच्यासाठी ती पद्धत चालवणारा व्हीसीआर लागतो आणि कॅप्चरची सेटिंगही बदलावी लागते. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे आणि सवडीने बसण्याची तयारी आहे, त्यांनी हे काम घरी जरूर करावे. बुरशी लागलेली किंवा तुटलेली टेप असेल, तर ती न चालवता तशीच व्यावसायिक स्टुडिओकडे द्यावी आणि आधी एकच कॅसेट देऊन काम पाहावे.