वॉरंटी संपलेली जर्मन गाडी: कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचं गॅरेज?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या लोकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातमी झाली होती. आता जालना, लातूर, नांदेडातही पुण्या-मुंबईहून आणलेली जुनी बीएमडब्ल्यू किंवा ऑडी दारात उभी दिसते. जुनी गाडी स्वस्तात मिळते, पण पार्टची किंमत नव्या गाडीच्या पार्टइतकीच असते. त्यामुळे वॉरंटी संपली की प्रश्न पडतो: संभाजीनगरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची, की बाहेरच्या जाणकार मिस्त्रीकडे? मी जालन्यात आठ वर्षं अशी गाडी वापरतोय. कुठे न्यायची हे मी दरवेळी बिघाड बघून ठरवतो, आणि तुम्हीही तसंच करावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा फरक एअर सस्पेन्शनमध्ये पडतो. यात स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात आणि कंप्रेसर त्यांत हवा भरतो. वय झालं की रबराला घडीवर तडे जातात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी बघतो तर पुढचं उजवं चाक मडगार्डमध्ये शिरलेलं, मध्ये दोन बोटंही जाईनात. चालू केल्यावर बराच वेळ घरघर, मग गाडी हळूहळू वर. कंपनीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावला आणि पुढचे दोन्ही स्ट्रट (फुगा आणि शॉकअब्सॉर्बर मिळून एक जोड) अधिक कंप्रेसर असं लाखांतलं एस्टिमेट हातात दिलं. बाहेरच्या उस्तादांनी चाक खोललं आणि फवाऱ्याच्या बाटलीने फुग्यावर साबणाचं पाणी मारलं. घडीच्या जागी बारीक बुडबुडे येत राहिले. "दादा, कंप्रेसर अजून चांगलाय. हवा इथून जातीय म्हणून तो सारखा पळतोय. असंच ठेवलं तर तोबी जळंल." एक स्ट्रट बदलला आणि कंप्रेसरचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच. दुसरा स्ट्रट वर्षभराने गेला, म्हणजे वर्कशॉपचं 'जोडीने बदला' हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण कंप्रेसर आजही तोच आहे. हवेचा दाब कमी आहे एवढंच स्कॅनर सांगतो. हवा कुठून जातेय ते माणसालाच शोधावं लागतं. जिथे शोधून दाखवतात, तिथे काम द्या.

कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) आणि बुश (त्याच्या सांध्यातलं रबर) ही कामं मी बिनधास्त बाहेर करतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर ती वरचेवर निघतात. कंपनीत बहुतेक वेळा अख्खा आर्म बदलतात. बाहेर नुसता बुश प्रेसवर बसवून मिळतो, किंवा लेमफर्डरसारख्या मूळ पुरवठादाराचा आर्म त्याच्याच खोक्यात, बऱ्याच कमी पैशांत. एक गोष्ट मात्र उभं राहून बघा. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले, तर खाली उतरवल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मिस्त्रीला हे आधीच विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

गिअरबॉक्सचं दोन्हीकडे वाटून आहे. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' आहे असं गाडीच्या कंपन्या सांगत आल्या, पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. पातळी इंजिन चालू ठेवून आणि ऑइलचं तापमान बघून भरायची असते. हे करणारं गॅरेज असेल तर बाहेर करा. पण मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा, बॉक्सच्या आतला इलेक्ट्रॉनिक भाग) किंवा सॉफ्टवेअरचा मामला असेल तर सरळ कंपनीत.

इलेक्ट्रॉनिक्समध्येही माझं झुकतं माप कंपनीलाच. मी एकदा बाहेर बॅटरी बदलली. दुकानदाराने बसवून दिली, पण नवी बॅटरी आल्याची नोंद गाडीच्या कंप्युटरमध्ये केलीच नाही. कंप्युटर जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहिला आणि नवीही लवकर बसली. एअरबॅग आणि एबीएस ही कामं तर जिवाशी निगडित आहेत, तिथे पैसे वाचवू नका. रिकॉल आहे का, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीनेच गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात का, तेही चेसिस नंबर देऊन विचारा, ते काम कंपनीत फुकट होतं. पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती संपेपर्यंत बाहेर जाऊच नका.

डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला तर दोन्हीकडे जायच्या आधी समृद्धी महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका लयीत चालवा. गावातल्या गावात चालवून काजळी साचते, आणि ती जळायला फिल्टर तापावा लागतो. दिवा तरीही गेला नाही तर वर्कशॉप. डीपीएफ काढून टाकतो म्हणणाऱ्या गॅरेजला नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

कूलंटचं काम दोन्हीकडे नीट होतं, घोळ होतो तो वाटेत. या गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर, एक्स्पान्शन टाकी सगळं प्लास्टिकचं, उन्हाळ्यात चिरतं. मग कुणीतरी ढाब्यावरचं बोअरचं पाणी ओततं. आपल्याकडचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये थर धरतं. डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट ठेवा. काटा लाल झाला की जिथे असाल तिथे बंद करा, नाहीतर इंजिनचं हेड (वरचं झाकण) वाकतं.

लातूर-नांदेडच्या लोकांना संभाजीनगर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. त्यांनी छोट्या कामांसाठी गावातच एक चांगला मिस्त्री धरावा आणि मोठ्या कामाला पार्ट आल्याचं फोनवर पक्कं करूनच निघावं. गाडी बंद पडलीच, तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यात खराब होतो. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा.