आठ महिने रोज वापरलेलं जुनं नवाहो कडं

नवाहो ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात. त्यांच्या घडणीचं हे चांदीचं उघडं कडं अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या गॅलप गावातून आणलं, त्याला आठ महिने झाले. वजन ६८ ग्रॅम, मधोमध एकच हिरवट पिरोजा. दुकानदाराने ते १९२० च्या आसपासचं असल्याचं सांगितलं. आतून कारागिराची खूण नाही, पण इतक्या जुन्या नवाहो कामावर ती सहसा नसतेच.

माझं माहेर हुपरीजवळचं, त्यामुळे ठोकलेली चांदी लहानपणापासून पाहिलेली. तरी या कड्याने मला थांबवलं. नवाहो सोनार आधी अमेरिकन नाणी वितळवत, १८९० च्या सुमारास त्यावर बंदी आली तेव्हा मेक्सिकन पेसो. लगड ओतायची, ठोकून पट्टी काढायची, मग नक्षी. त्यासाठीचे ठसे ते जुन्या कानशींच्या पोलादातून स्वतः घडवत. माझ्या कड्यावर २२ चंद्रकोरी आहेत आणि प्रत्येकीचं उजवं टोक तुटकं आहे. ठशाचाच टवका उडाला होता आणि कारागिराने तोच ठसा शेवटपर्यंत वापरला. हे मला तिसऱ्या महिन्यात दिसलं. त्या दिवसापासून कडं जास्तच आवडायला लागलं.

आता चुका. मी ते घालून भांडी घासायचे. जुन्या कामात खड्याखाली बऱ्याचदा लाकडाचा भुसा भरलेला असतो. तो ओला होऊन फुगला आणि पिरोजा कोंदणात हलायला लागला. गॅलपच्याच एका नवाहो कारागिराने कोंदण हळूच उघडलं, भुसा बदलला आणि खडा पुन्हा बसवून दिला. दुसरी चूक खोबरेल तेलाची. पिरोजा सच्छिद्र असतो, तेल पितो. एका कडेला तो जास्त हिरवा झालाय आणि मूळ रंग परत येणार नाही.

दिवाळीला आई आली आणि चिंच घेऊनच बसली. "अगं, काळं पडलंय, घासून देते." मी हात धरला. खाचांतला तो काळेपणाच नक्षी उठून दाखवतो, म्हणून मी फक्त वरून मऊ सुती कापड फिरवते.

घालताना कडं फाकवू नका, चांदी वाकून वाकून तडकते. मनगटाच्या बारीक बाजूने सरकवा. आणि घेण्याआधी हातात तोलून बघा. १८९९ पासून रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलके दागिने घडवून घेतले. तेही खरेच, पण पातळ. रोजच्या वापराला मी जाड पट्टीचंच घेईन.

हे कडं गहाणातलं, न सोडवलेलं. त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती, नुसता आकडा लिहिलेली. ती मी डबीत जपून ठेवली आहे.