पबमध्ये वर्षभर वाजवलेला पी-बेस: वापरानंतरचा अनुभव

घरी एकटीने वाजवायला हा बेस (म्हणजे खालचे, जाड सूर देणारी चार तारांची बेस गिटार) कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगून टाकते. एक पिकअप (तारांची थरथर विजेच्या संदेशात बदलणारा भाग), एक आवाजाचा नॉब, एक टोनचा नॉब, संपलं. दुकानात शेजारीच चार-पाच नॉबवाले, पाच तारांचे, चकचकीत लाकडाचे बेस टांगलेले असतात. ते वाजवून मग हा हातात घेतला की अगदीच बिचारा वाटतो. तरीही इंग्लंडमध्ये रेडिंगच्या आसपासच्या पबांत वर्षभर शनिवारी रात्री हाच वाजवल्यावर माझं मत पक्कं झालंय: दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या हौशी कव्हर्स बँडला यापेक्षा जास्त काही लागत नाही. आणि जे जास्त असतं, ते पबात बहुतेक वेळा आडच येतं.

बेस प्रिसिजन घाटाचा आहे, ज्याला सगळे पी-बेस म्हणतात. लिओ फेंडर यांनी मूळ प्रिसिजन 1951 मध्ये बाजारात आणला, 1957 मध्ये त्याला आजचा दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला आणि तेव्हापासून मूळ आराखडा जवळजवळ तसाच आहे. आज कितीतरी कंपन्या या घाटाचे बेस काढतात. माझा इंडोनेशियात बनलेला आहे, चारशे पौंडांच्या आतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते घाटाबद्दल. स्केल (तारेची वाजणारी लांबी) 34 इंच, फ्रेट (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) 20, नेक (बेसची लांब मान) मेपलची, तिच्यावरचा फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा. 2017 मध्ये फ्रेटबोर्डसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा अनेक कंपन्या या लाकडाकडे वळल्या. वाद्यांपुरते ते निर्बंध 2019 मध्ये सैल झाले, पण लॉरेल टिकून राहिलं. हा लॉरेल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. ठाण्यात वाढलेल्या मला येऊरच्या जंगलातलं झाड पायाखालचं, आणि त्याच जातीच्या लाकडावर आता मी इंग्रजांची गाणी बडवते. लाकूड रोझवुडपेक्षा थोडं फिकट आणि कोरडं. वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवला की पुरतं.

आता मुख्य मुद्दा, आवाज.

बेसची सगळ्यात खालची ई तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. त्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. पबात आम्हाला जिथे उभं करतात (डार्ट बोर्डाखाली, किंवा बायकांच्या टॉयलेटच्या दाराला लागून) तो कोपरा आठ मीटर सोडाच, तीन मीटरही नसतो. कोपऱ्यात ठेवलेल्या कॅबिनेटमधून (स्पीकरच्या कपाटातून) खालचे सूर भिंतींवर आपटून आणखी फुगतात. त्यातही प्रत्येक खोलीचा एखादा लाडका सूर असतो, तो वाजला की ग्लास थरथरतात, आणि त्याच्या शेजारचा सूर मात्र कुठेतरी गडप होतो. आमच्या नेहमीच्या एका पबात हा लाडका सूर जी आहे. आमची निम्मी गाणी जी मध्ये आहेत, त्यामुळे तिथे मी जी हलक्या बोटाने वाजवते.

अशा खोलीत दुकानात आवडलेला आवाज चालत नाही. दुकानात आपण खाली भरपूर बेस (जाड सूर), वर भरपूर ट्रेबल (बारीक सूर) आणि मध्ये खड्डा असा आवाज लावतो, कारण एकटं ऐकायला तो भारी वाटतो. बँडमध्ये खालचा भाग पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये आणि खोलीच्या घुमण्यात बुडतो, वरचा झांजांत हरवतो, आणि मधल्या खड्ड्यात दोन गिटारी येऊन बसतात. तुम्ही वाजवत राहता, लोकांना नुसती घरघर ऐकू येते, सूर कळत नाही. पी-बेसचा पिकअप ज्या जागी बसवलाय तिथून मुळातच मधल्या पट्टीत, साधारण चारशे ते आठशे हर्ट्झच्या टापूत, ठसठशीत आवाज निघतो. मी अँपवर बेसचा नॉब मधल्या खुणेच्या थोडा खालीच ठेवते, मिड वाढवते, ट्रेबलला हात लावत नाही. एकटं ऐकलं तर आवाज नाकात बोलल्यासारखा येतो. ड्रम सुरू झाले की तोच जागेवर बसतो. नवीन बेस घेताना जमलं तर सोबत एक गिटारवाला आणि एक ड्रमर घेऊन जा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

इथे एक तक्रार, बेसबद्दल नाही, कीबोर्डवाल्यांबद्दल. ही माणसं घरी एकटी वाजवून तयार झालेली, त्यामुळे डाव्या हाताने बेसची ओळही वाजवायची सवय लागलेली. दोघं मिळून तोच खालचा सूर वाजवू लागलो की चिखल होतो. आमच्या कीबोर्डवाल्या काकांना (वयाने काकाच, रिटायर्ड पोस्टमन आहेत) डावा हात खिशात ठेवायला सांगायचं धाडस करायला मला बरेच महिने लागले. ते म्हणाले, "आधीच सांगायचंस की."

दुसरा मोठा फायदा म्हणजे हा बेस गुणगुणत नाही. पबातली वीज हा वेगळाच विषय आहे. आमचं सगळं सामान ज्या सॉकेटवर चालतं, त्याच्या आजूबाजूला बिअरचे कूलर, जुगाराचं मशीन, दिव्यांचे डिमर, आणि त्यांची खरखर पिकअपमध्ये शिरते. पिकअपचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे ही खरखर जागच्या जागी कापली जाते. आधी माझ्याकडे उसना आणलेला जॅझ बेस, म्हणजे दुसऱ्या घाटाचा दोन पिकअपवाला बेस, होता. त्याचे दोन्ही पिकअप सारखे उघडले तर खरखर जाते, पण मधला आवाज थोडा पोकळ होतो. एकच पिकअप उघडला तर दोन गाण्यांच्या मध्ये सगळा पब मशीनची भुणभुण ऐकतो. जॅझ बेसची नेक अरुंद आणि हाताला गोड असते, हे मान्य. माझा हात लहान आहे, तरी मी पी कडेच राहिले.

हाताचा विषय निघालाच आहे तर: 34 इंच स्केलवर पहिल्या फ्रेटची जागा जवळपास पाच सेंटीमीटर रुंद असते. चार बोटं चार फ्रेटवर हे खालच्या जागी माझ्याकडून होत नाही, आणि करायचीही गरज नाही. डबल बेसवाले वापरतात ती पद्धत घ्या: तर्जनी, मधलं बोट, आणि करंगळी-अनामिका मिळून एक. मनगटाचं दुखणं त्यानेच थांबलं. ज्यांना तेही जड जातं त्यांनी 30 इंची शॉर्ट स्केल बघावा. वजन मात्र टाळता येत नाही. माझा बेस चार किलोच्या आसपास आहे, आणि पाऊण तासाचे दोन सेट उभं राहून वाजवायचे म्हणजे खांदा बोलतो. चार इंच रुंद पट्टा घ्या. पट्टा सुटू नये म्हणून महागडी कुलुपं मिळतात, पण इथले जुने वादक ग्रोल्श बिअरच्या बाटलीच्या झाकणातली रबरी चकती काढून पट्ट्याच्या खुंटीवर चढवतात. मला बारमधूनच दोन मिळाल्या, अजून टिकल्या आहेत.

तारा. कारखान्यातून आलेल्या राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्याच्या) तारा दोन महिन्यांत मेल्या, तेव्हा मी फ्लॅटवाउंड चढवल्या, म्हणजे ज्यांच्यावरचं वेटोळं चपट्या पट्टीचं, गुळगुळीत असतं. किंमत साध्या तारांच्या दुप्पट तरी, पण वर्षं न् वर्षं चालतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन आपल्या 1962 च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवत, तेही उजव्या हाताच्या एका तर्जनीने, आणि तुटेपर्यंत तारा बदलत नसत म्हणतात. पबच्या सेटलिस्टमध्ये साठ-सत्तरच्या दशकातली नाचाची गाणी भरपूर असतात. तिथे या तारांना तोड नाही: ठप्प असा गोल सूर येतो आणि लगेच जागा मोकळी करतो. नव्वदीच्या दशकातल्या गिटारवाल्या गाण्यांना, जिथे पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) खरखरीत वाजवायचं असतं, तिथे मात्र आवाज थोडा झोपतो. पाच-सहा गाण्यांपुरती ही तडजोड मी स्वीकारली आहे. गायिकेच्या मते फरक कुणालाच कळत नाही. गिटारवाल्याच्या मते कळतो. दोघांतलं कुणीही पैसे देऊन ऐकायला आलेलं नाही, त्यामुळे मी लक्ष देत नाही.

ठाण्याहून आत्या व्हिडिओ बघून दर वेळी म्हणते, "अगं, तू दिसतेस छान, पण तुझं काहीच ऐकू येत नाही." तिचा दोष नाही. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून हे खालचे सूर निघतच नाहीत. "हेडफोन लाव" म्हणून सांगून थकले.

काय बिघडलं? नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) वरच्या खाचा कारखान्यात पुरेशा खोल कापल्या नव्हत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर बोटं दुखायची आणि सूर किंचित चढा लागायचा. कारागिराकडून सेटअप करून घेतला, साठ-सत्तर पौंड गेले. ते बजेटमध्ये आधीच धरा. केबल लावायच्या जॅकची चकती दर महिन्याला सैल होते, आता पाना बॅगेतच असतो. आवाजाचा नॉब फिरवताना खर्र व्हायचं, स्प्रे मारल्यावर गेलं. हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते आणि नेक हलते, तारा एकदम खाली येऊन फ्रेटवर खडखडतात. पाव फेरा ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) सैल केला की ठीक. हे सगळं या किमतीत अपेक्षित आहे. ज्याला पाना हातात धरायचाच नाही त्याने मात्र विचार करावा.

एक उणीव खरीखुरी आहे. गायक-गायिका गाण्याची पट्टी खाली आणतात, आणि मग मूळ ई मधलं गाणं डी मध्ये येतं. तो खालचा डी या बेसवर नाही. वरचा डी वाजवला तर कोरसमध्ये तळ सुटतो. पाच तारांचा बेस हा एक उपाय, पण त्याची रुंद नेक मला झेपत नाही. मी ई तारेच्या खुंटीच्या जागी खटक्याची खुंटी बसवून घेतली. खटका दाबला की ई चा डी होतो, परत दाबला की ई. गाण्याच्या मध्येही करता येतं, आणि लोकांना तेवढीच जादू दिसते.

अँपबद्दल थोडक्यात. वादकांच्या स्वप्नात 1969 सालचा तीनशे वॉटचा व्हॉल्व्ह अँप आणि खाली आठ स्पीकरचं कपाट असतं. ते कपाट पबच्या स्वयंपाकघरातून, चिप्स तळणाऱ्या माणसाची माफी मागत, एकटीने आत नेऊन दाखवा. माझा डी-क्लास (हलक्या जातीचा) अँप तीन किलोच्या आतला आहे, कॅबिनेट बारा इंची एका स्पीकरचं. कागदावर पाचशे वॉट, पण ते चार ओमवर. माझ्या आठ ओमच्या एका कॅबिनेटवर साधारण निम्मे मिळतात, आणि पबला ते भरपूर होतात. काही पबांत आवाजाचा लिमिटर बसवलेला असतो. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे, आणि लाल टिकून राहिला की सॉकेटची वीजच जाते. पायाने वाजवायचा ड्रम आणि बेस एकत्र जोरात आले की लाल लवकर लागतो. तळाचा नॉब कमी ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

अकराला सगळं बंद होतं. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 चा लाइव्ह म्युझिक कायदा आल्यापासून मद्यपरवाना असलेल्या पबला रात्री 11 पर्यंत बँड ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही (ऐकणाऱ्यांची मर्यादा 2015 पासून 500 आहे, आमच्यासमोर साठ असले तरी दिवाळी). अकरानंतर शेजारी आणि पब मालकीण दोघंही ओळख दाखवत नाहीत. सुरू व्हायची वेळ मात्र फुटबॉलच्या हातात. सामना पेनल्टीपर्यंत लांबला तर आम्ही भिंतीला टेकून उभे. काही पब विमा आणि विजेच्या तपासणीचा स्टिकर मागतात. म्युझिशियन्स युनियनच्या सदस्यत्वात 1 कोटी पौंडांपर्यंतचं सार्वजनिक दायित्व कव्हर येतं, त्यामुळे तो प्रश्न मी तिथेच मिटवला.

पैशांचं विचाराल, तर पूर्ण बँडला एका रात्रीचे अडीचशे-तीनशे पौंड, पाच जणांत वाटायचे, त्यातून पेट्रोल वजा. बेसची किंमत निघाली, अँपची अजून निघायची आहे.

कुणी घेऊ नये? ज्यांना अंगठ्याने थापून वाजवायची फंक शैली मुख्यतः करायचीय त्यांनी. मेटलवाल्यांनी पाच तारा घ्याव्यात. आणि ज्यांचा बँड अजून ठरलेलाच नाही, नुसतं घरी यूट्यूबसोबत वाजवायचंय, त्यांना दोन पिकअपवाला बेस जास्त दिवस रमवेल. बाकी सगळ्यांनी हा घाट घ्यावा, शक्य तर सेकंडहँड. आधीच्या मालकाने नट आणि जॅकची कटकट निस्तरलेली असते, आणि इथे चांगल्या स्थितीतला वापरलेला पी-बेस नव्याच्या दोन तृतीयांश किमतीत सहज मिळतो. घेताना नेकच्या टोकाला डोळा लावून ती सरळ आहे का पाहा, ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो का विचारा, आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून बघा. विकणारा घाई करत असेल तर दुसरा बघा, या बेसचा बाजारात तुटवडा नाही.