अकरा महिने, एक पावसाळा आणि मांडणीखालचा तो ट्रे

फेब्रुवारी २०२५ मध्ये भिंतीला लावायची तीन फुटी स्टीलची मांडणी घेतली. वर ताटांच्या खाचा, मध्ये वाट्या-पेल्यांची जाळी, बाजूला चमच्यांचा डबा आणि खाली पाणी झेलायला ट्रे. त्याच वेळी सिंकच्या उजवीकडे फणसाच्या दोन उघड्या फळ्या ठोकून घेतल्या आणि ओट्याखाली तयार कपाट बसवलं. मांडणीचे साडेसहा हजार पडले. घरात भांडी मीच घासतो, त्यामुळे हे मत ऐकीव नाही.

मांडणी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच वेळ ट्रेबद्दलच बोलणार आहे.

आमचं घर गोव्यात फोंड्याच्या बाजूला, आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. बसवायला आलेल्या पोराने थेट हॅमर ड्रिल लावलं. चिऱ्याला हॅमर लावू नये हे आमच्याकडचा कुठलाही गवंडी झोपेतही सांगेल. दगड मऊ, आतून पोकळ्या, हादरा बसला की भुगा होतो. आठ एमएमचं भोक पाडायला गेला आणि झालं एवढं की माझी करंगळी आत जाईल. त्यात प्लास्टिकची गिट्टी कोंबली, वर पांढरं सिमेंट थापलं, 'बाब, आता हत्ती टांगा' म्हणाला आणि गेला. मी नंतर सगळी भांडी टप्प्याटप्प्याने वजनकाट्यावर ठेवून पाहिली: सत्तावीस किलो. हत्ती नाही, पण आमच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा दोन किलो जास्तच.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. भिंतीने ओल धरली आणि जूनच्या मध्यावर मांडणी डावीकडे बोटभर उतरली. आई रोज सकाळी चहा पिताना तिच्याकडे बघायची. जुनी लाकडी मांडणी खुंट्यांवर पन्नास वर्षं हलली नाही रे, एवढंच म्हणायची. शेवटी आमच्या सुताराला बोलावलं. त्याने गिट्ट्या उपसून काढल्या, हॅमर बंद ठेवून भोकं साफ केली, सागाचे निमुळते गुटके ठोकले आणि स्क्रू त्या गुटक्यांत फिरवले. सहाशे रुपये. तेव्हापासून केसभरही हललेली नाही. चिऱ्याच्या भिंतीवर काही टांगणार असाल तर कंपनीची फिटिंग फुकट असली तरी घेऊ नका.

आता ट्रे.

सुताराने लेव्हल लावून मांडणी सरळ केली त्या रात्री जेवणं झाली, भांडी घासून लावली. सकाळी बघतो तर ट्रेमध्ये पाणी तस्संच. ओतून मापात धरलं, पाव लिटरला थोडं कमी. ट्रेला भोक नाही, नळी नाही, आणि उतारही नाही. मुलाची काचेची गोटी मधोमध ठेवली. जिथे ठेवली तिथेच बसली. मग लक्षात आलं की आधीचा महिनाभर हा त्रास मला जाणवला नव्हता, कारण मांडणी वाकडी होती! पाणी आपसूक डाव्या कोपऱ्यात जमायचं, एका फडक्यात पुसून व्हायचं. म्हणजे वस्तू बिघडलेली होती तोवर ट्रे नीट काम करत होता.

पाणी झेलण्यासाठीच जो पत्रा घडवला त्याला एका बाजूला तीन मिलिमीटर उतार द्यायला काय लागतं? पैसा नाही लागत. ज्याने तो आखला त्याने घरी कधी ताट धुतलं नसावं, दुसरं काही नाही. जुलैमध्ये आरोग्य केंद्राची माणसं साचलेलं पाणी बघायला आली. कुंड्या, करवंट्या, पागोळ्यांखालची बादली बघून झाली आणि त्यातल्या एका बाईंनी स्वयंपाकघरात डोकावून बरोबर ट्रेवर बोट ठेवलं. रोज ओततो म्हटलं. 'आणि आठ-दहा दिवस गावाला गेलात तर?' डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात. मला काही उत्तर देता आलं नाही.

त्याच महिन्यात ट्रेच्या कोपऱ्यांत तांबूस ठिपके दिसले. मांडणीवर एकही नाही, फक्त ट्रेवर. दुकानात फोन केला. 'बाब, मांडणी ३०४ ग्रेडच्या स्टीलची, दहा वर्षं वॉरंटी. ट्रे ॲक्सेसरी.' म्हणजे? 'ॲक्सेसरीला वॉरंटी नसते.' सहा फोन झाले. सातव्याला एक तंत्रज्ञ आला, खिशातून लोहचुंबक काढून ट्रेला लावला, चिकटला नाही. 'बघा, ३०४.'

इथे माझा पारा चढला. चुंबक चिकटला नाही तर पत्रा ४३० सारख्या चुंबक धरणाऱ्या ग्रेडचा नाही, एवढंच कळतं. २०२ या स्वस्तातल्या ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून बाकीची कसर मँगनीजने भरलेली असते. म्हणून तो स्वस्त आणि गंजाला लवकर बळी पडणारा. डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत. काही भांडीवाल्यांकडे तपासायचं द्रव असतं: थेंब टाकायचा, छोटी बॅटरी टेकवायची, मँगनीज जास्त असेल तर लाल उमटतं. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाणारच होतो, ट्रे पिशवीत घालून तिथल्या एका भांडीवाल्याकडे नेला. लाल उमटलं. मांडणीचा एक हूक काढून नेला होता, त्यावर नाही. म्हणजे त्यांनी मांडणीबाबत खरं सांगितलं होतं आणि ट्रेबाबत चुंबक दाखवला होता.

आता माझी बाजूही सांगतो, नाहीतर खोटेपणा होईल. ट्रेमध्ये बुळबुळीत थर धरायचा म्हणून मी जूनपासून त्यात फरशीचं ब्लीच ओतून रात्रभर ठेवत होतो. ब्लीचमधला क्लोरीन स्टीलवरचा संरक्षक थर खातो आणि बारीक खड्डे पाडतो. ३०४ नेही ते किती दिवस सोसलं असतं कोण जाणे. त्यामुळे गंजाबद्दलचा माझा अर्धा राग मी मागे घेतला. उताराबद्दलचा तसाच आहे.

फळ्यांबद्दल मी पूर्ण उलटा फिरलो. आधी मला त्या नको होत्या. बायकोच्या हट्टापायी ठोकल्या. उघड्यावर भांडी म्हणजे धूळ, पाली, बांगडे तळल्याचा वाफारा. झालं वेगळंच. ऑगस्टमध्ये ओट्याखालच्या बंद कपाटात दार उघडलं की उबट वास, कुंडल्यांच्या, म्हणजे मातीच्या भांड्यांच्या, तळाला पांढरी बुरशी, कपाटाच्या भुशाच्या फळीची सिंकजवळची कड पाणी पिऊन पावासारखी फुगलेली. फळ्यांवर मात्र वारा खेळता, सगळं कोरडं. वरच्या फळीवर ठेवलेला आजीचा निळ्या नक्षीचा चिनीमातीचा सेट तेवढा चिकट झाला. वापरात नव्हता ना! तळणाची वाफ बसते, वर धूळ बसते, महिन्याभरात बोट ओढलं तर रेघ उमटते. खालच्या फळीवरच्या रोजच्या ताटल्यांना हे होत नाही, त्या रोजच धुतल्या जातात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून सेट स्वच्छ झाला आणि सरळ शोकेसमध्ये गेला. गणेश चवथीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) बांधायला आलेल्या मावशीला तो फळीवर दिसला नाही म्हणून ती पहिल्यांदा फुटला की काय तेच विचारून बसली.

चवथीआधी तांब्याची भांडी सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्याने घासून फळीवर मांडली तेव्हा मात्र बायकोचा हट्ट बरोबर होता असं कबूल करावं लागलं. तिने ते ऐकलं नाही असं दाखवलं.

ट्रेचा निकाल असा: ऑक्टोबरमध्ये मी डाव्या कोपऱ्यात भोक पाडलं, माशांच्या टाकीला लागते ती चाळीस रुपयांची नळी बसवून सिंकमध्ये सोडली आणि ट्रेच्या उजव्या कडेखाली जुन्या क्रेडिट कार्डाचे चार तुकडे एकावर एक सरकवले. गोटी आता सरळ भोकापाशी जाऊन थांबते. भोक पाडून वॉरंटी जाईल का, हे विचारायची गरजच नव्हती.

नोव्हेंबरात दुकानाने न सांगता नवा ट्रे पाठवला, फुकट. याबद्दल एक तारा वाढवतो, एकूण चार. तो ट्रे खोक्यातून काढला, ओट्यावर ठेवला आणि मधोमध गोटी ठेवली. बसली ती बसलीच. सध्या आई त्यावर अंगणात मिरच्या वाळवते.