आकड्यातल्या एका दात्याने वाढवलेली १३७ वर्षं : बलुच जानमाजची फसवणूक

दुबईतल्या एका दुकानात १२३८ हिजरी साल विणलेला बलुच जानमाज, म्हणजे नमाजाचा छोटा गालिचा, एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला गेला. १२३८ म्हणजे इसवी १८२२. माल निघाला १९५९च्या आसपासचा.

फारसी आकड्यांत दोन आणि तीन यांच्यात फरक एका दात्याचा. मूळ साल १३३८. शतकाच्या तिनावरचा एक दाता उपटून तिथे नक्षीमागच्या पार्श्वभूमीच्या रंगाच्या चार-पाच गाठी मारल्या की शंभर वर्षं वाढली. गालिचा उलटा केला असता तर लगेच कळलं असतं : नव्या गाठी शेजारच्यांपेक्षा फुगीर, रंगाने उजळ, बोटाला टोचणाऱ्या. मुळात बलुच गालिच्यावर साल क्वचितच असतं. दिसलं तर आधी पाठ पाहा.

उरलेली ३७ वर्षं पंचांगातली : १२३८ सौर हिजरी धरलं तर १८५९, चांद्र धरलं तर १८२२. मूळ १३३८ चांद्र धरलं तर १९१९, सौर धरलं तर १९५९. इराणने सौर पंचांग १९२५ला अधिकृत केलं. दोन्हींपैकी कोणतं, ते ताण्याने, म्हणजे गालिच्याच्या उभ्या धाग्यांनी, सांगितलं. जुन्या बलुच विणीत ताणा लोकरीचा असतो. इथे झालर लोकरीची होती, पण ती मागून शिवलेली! पाठीवरून गालिचा दुमडून दोन ओळींच्या मध्ये पाहिलं तेव्हा आत पांढरं सूत. म्हणजे साल सौर, १९५९. धागा जाळला तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. सुताला जळक्या कागदाचा वास.

मऊपणा रासायनिक धुलाईचा होता. लव बोटांनी फाकवा : टोक फिकट, बुडाशी भडक नारिंगी आणि मध्ये एकदम रेघ असेल तर रंग कृत्रिम. मंजिष्ठ आणि नीळ हळूहळू उतरतात. पांढरं ओलं फडकं मिनिटभर घासा. तपकिरी डाग आला तर ‘जुनेपणा’ बहुधा चहाचा. झीजही बघा. लोखंड घालून केलेला काळपट तपकिरी रंग लोकर खातो, म्हणून खऱ्या जुन्या गालिच्यात त्या गाठी खाली बसतात आणि बाकी नक्षी उठून दिसते. इथे तपकिरी भाग कात्रीने कापला होता. भिंगाखाली टोकं सपाट, एका उंचीची.

विक्रेता म्हणत होता, ‘थेट बलुचिस्तानातून आलाय.’ हे वाक्यच खटकायला हवं होतं. बलुच म्हणून ओळखले जाणारे बहुतेक जुने गालिचे इराणी खोरासानातले आणि अफगाणिस्तानात हेरातच्या बाजूचे. कडेला बकरीच्या काळ्या केसांची जाड किनार आणि दोन्ही टोकांना विणलेली पट्टी शाबूत आहे का, तेही पाहायचं. पट्टी कापलेली असेल तर किंमत उतरते, पण ती फसवणूक नव्हे.

पावतीवर लिहिलं होतं ‘हाताने विणलेला जुना गालिचा’, बस. त्यामुळे परतावा मिळाला नाही. पैसे देण्याआधी पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या : साल आणि ते कोणत्या पंचांगाचं, ताणा कशाचा, रंग कोणते, दुरुस्ती कुठे झाली. विक्रेता यातली एखादी लिहायला टाळाटाळ करत असेल, तर आधी तीच तपासा.