मॉरिस मायनरचे रॅक बूट: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या स्टिअरिंग रॅकवर (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर) मी पावसाळ्याच्या तोंडावर सिलिकॉनचे, ताणून बसणारे युनिव्हर्सल बूट, म्हणजे रॅकची टोके झाकणारे घडीदार लवचीक गवसण्यांसारखे भाग, बसवले. मूळ मापाचे बूट पुण्यात मिळेनात आणि इंग्लंडहून मागवलेली रबरी जोडी अल्पावधीतच घड्यांमध्ये तडकली. 'रबरी मालाला वॉरंटी नसते' एवढेच विक्रेत्याचे उत्तर आले. मालाच्या किमतीहून टपालखर्च आणि सीमाशुल्कच अधिक भरले होते. तो राग अजून गेलेला नाही.

हे बूट टाय रॉड एंड (रॅकचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा) न काढताही शंकूच्या आकाराच्या साधनावरून ताणून चढवता येतात. तरीही एंड काढणेच योग्य, कारण फाटक्या बुटातून आत गेलेली वाळू त्याशिवाय नीट पुसता येत नाही. आटे मोजून एंड परत बसवावा आणि शेवटी टो-इन (पुढची चाके समोरून एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते माप) ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर, आहे ना ते तपासून घ्यावे.

सुरुवातीला मी या बुटांची सर्वांकडे स्तुती केली. पाणी, चिखल, काहीही आत गेले नाही. श्रावण संपता संपता मात्र डाव्या बुटाच्या अरुंद तोंडाशी रॅकमधले ९० नंबरचे जाड गिअर ऑइल पाझरू लागले आणि माझे मत बदलले. अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या रॅकमध्ये ग्रीस असते, त्यामुळे तेथे बुटाने धूळ अडवली की काम भागते. मायनरच्या रॅकमध्ये ऑइल असते आणि ते धरून ठेवण्याचे काम बुटाकडेच असते. खनिज तेलात सिलिकॉन हळूहळू फुगते आणि मऊ पडते. नायट्रिल हे कृत्रिम रबर तेलाला टिकते, पण ऊन आणि ओझोन सोसत नाही. निओप्रीन हे दुसरे कृत्रिम रबर तेल आणि हवामान दोन्ही बऱ्यापैकी सोसते. असे असूनही विक्रेते पाकिटावर कशाचा बूट आहे हे लिहीत नाहीत, आणि ग्राहकाने नेमके तेच पाहायला हवे.

सर्वांत वाईट आहे ती सोबत दिलेली प्लास्टिकची पट्टी. स्टिअरिंग पूर्ण वळवले की एक बूट दाबला जातो, ऑइल तोंडाकडे ढकलले जाते आणि नेमकी तेथेच ही पट्टी सरकते. स्क्रूचा क्लॅम्पही एवढ्या लहान व्यासावर गोल बसत नाही, स्क्रूखाली फट राहते. अखेर स्टेनलेस तारेचे दोन वेढे घालून पक्कडीने पीळ दिला आणि टोक बुटापासून दूर वळवले. तेव्हापासून पाझर जवळजवळ थांबला आहे. चांगला क्लॅम्प द्यायला कंपनीला असे कितीसे पैसे पडले असते?

निओप्रीनची जोडी मिळेपर्यंत हे बूट चालवीन. घेणाऱ्यांनी तार आधीच आणून ठेवावी आणि ती आवळण्यापूर्वी चाके सरळ आहेत, बुटाला पीळ पडलेला नाही, हे पाहावे.